मिस्ये रनेच्या बंदुकीची माशी

बाची नजर जात चालली आहे हे घरात सगळ्यांत आधी आईला कळलं, आणि तिने ते कोणालाही सांगितलं नाही. तिने फक्त घरातल्या काही गोष्टी बदलल्या. बाच्या ताटातल्या मासळीचे काटे ती आधीच काढून ठेवू लागली. मिरचीचं आशार, म्हणजे लोणचं, नेहमी डाव्या हाताला आणि डाळ उजव्या हाताला वाढू लागली. अंगणातून मागच्या वर्कशॉपकडे जाणाऱ्या वाटेवर मी बादली विसरले, की ती उचलून भिंतीशी लावून ठेवी. मला वाटे, वय झालं म्हणून हिला टापटिपीचं वेड लागलं आहे. मी बावीस वर्षांची होते. शेवटची परीक्षा देऊन बराच काळ लोटला होता, सरकारी नोकरीच्या पत्राची वाट पाहत होते, आणि शनिवारी दुपारी बैठकेत, म्हणजे गावातल्या आमच्या मराठी शाळेत, लहान मुलांना मराठी बाराखडी शिकवत होते. घरातलं माणूस आंधळं होत आहे हे ओळखण्याइतकं लक्ष मी घराकडे देत नव्हते.

आमचं घर बेटाच्या मधल्या उंच भागातल्या व्हाकोआत, बाजारापासून वर चढणाऱ्या रस्त्यावर होतं. त्या गावात पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, तो तिथेच राहतो. छपरावरच्या पत्र्यावर त्याचा आवाज इतका असे, की आम्ही सगळेच जरा मोठ्याने बोलायला शिकलो होतो. खाली किनाऱ्यावरच्या नातेवाइकांकडे गेलो की ते हसत, तुम्ही व्हाकोआचे लोक भांडल्यासारखे बोलता म्हणत. पावसाखालून दुसरा आवाज येई तो कानशीचा. बा सव्वीस वर्षं सरकारी शस्त्रागारात आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, होता. निवृत्त झाल्यावर त्याने घरामागच्या जुन्या स्वयंपाकघरात बाक टाकला, काम घट्ट धरणारा वाइस बसवला, आणि शिकाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करण्याचा परवाना काढला. तो परवाना बाकावरच्या भिंतीला चार खिळ्यांनी ठोकलेला होता, त्यावर एकच नाव होतं, त्याचं. हिवाळा आला, म्हणजे आमच्याकडचा जून-जुलै, की साखरमळ्यांचे गोरे साहेब डोंगराकडच्या रानात हरणांच्या शिकारीला जात, आणि त्याआधीचे दोन महिने आमच्या दारात त्यांच्या गाड्या उभ्या राहत. ते बाला नावाने हाक मारीत आणि बा त्यांना मिस्ये, म्हणजे साहेब, म्हणे. पण बंदूक एकदा बाकावर आली की बोलायचं ते बाने आणि ऐकायचं ते त्यांनी, असा रिवाज होता.

मला बाच्या डोळ्यांचं कळलं ते एका सकाळी. त्याने मला बोलावलं आणि नळीवरचा नंबर वाचून दाखव म्हणाला. मी वाचला. मग म्हणाला, "माझा हात दुखतोय, तू जरा कानस मार." मी मारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात दुखत होता. तिसऱ्या दिवशी स्क्रू शोधताना त्याची बोटं बाकावरून फिरत होती आणि स्क्रू त्याच्या समोर, मनगटापासून चार बोटांवर पडलेला होता. मी तो उचलून त्याच्या हातात ठेवला. त्याने तो घेतला. त्या क्षणापासून आमच्यात एक करार झाला, ज्याचा उच्चार पुढे दोन हिवाळे कोणी केला नाही. गाडी आली की मी आत स्वयंपाकघरात आईपाशी जाऊन बसे. बा गिऱ्हाइकाशी बोले, बंदूक हाताळून पाही, काय करायचं ते ठरवी. गाडी गेली की मी बाहेर येई आणि काम मी करी. बा माझ्यामागे स्टुलावर बसून ऐकत असे. तो खरोखरच ऐकत असे. कानस वाकडी चालली की तिचा सूर बदलतो हे मला त्याने शिकवलं. "उजवीकडं दाबतेस," तो पाठीमागून म्हणे, आणि मी पाहिलं तर उजवीकडची कड खरंच खाली गेलेली असे.

आज मी सत्तरीला टेकले आहे, माझ्याही डोळ्यांत थेंब टाकावे लागतात, आणि मला त्या स्टुलावर बसलेल्या माणसाचं आश्चर्य वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की मला काम येतं आहे. कॉलेजात जे शिकले त्यातलं काही माझ्या हातांना कधी कळलं नव्हतं. लोखंड कळत होतं. आई मात्र खूश नव्हती. दुपारी तव्यावर फराता लाटून टाकताना ती म्हणे, "पोरी, परवान्यावर तुझा नाव न्हाय. कोनाला कळला तर बाचा काय होईल?" मी म्हणे, कोण सांगणार आहे. घरात आम्ही असंच बोलायचो, पणज्याने कोकणातल्या कुठल्याशा गावातून आणलेलं मराठी, त्यात बेटावरची क्रियोल बोली मिसळलेली. पुस्तकातलं मराठी मी पुढे शिकले, आणि हे लिहिताना तेच हाताला येतं. पण आईचा तो प्रश्न मला आजही तिच्याच बोलीत ऐकू येतो.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी मिस्ये रने आला. तो दक्षिणेकडच्या एका मळ्याचा व्यवस्थापक होता, उंच, लाल मानेचा, स्वभावाने वाईट नव्हता. येताना नेहमी आईसाठी मळ्यातली केळी किंवा पपई आणायचा. त्याची रायफल त्याच्या वडिलांची होती. ती पडून तिची माशी वाकली होती आणि माशी मुळात बुटकीही होती, त्यामुळे बंदूक वर मारते अशी त्याची जुनी तक्रार होती. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो लहानसा उभा पोलादी तुकडा, ज्याच्यावरून नेम धरायचा. आम्ही तिला फ्रेंच धर्तीवर गिदों म्हणायचो. भारतातून आलेल्या एका शिक्षकांनी पुढे मला सांगितलं की तिकडे शिकारी तिला माशी म्हणतात, आणि मला तो शब्द इतका आवडला की आता मी तोच वापरते. नळीच्या टोकाला एक जाड कडं असतं, कड्याच्या माथ्यावर खाच असते, खाचेत माशी उभी असते, आणि कडं व माशी यांच्या आरपार एक बारीक पोलादी पिन गेलेली असते. माशी बदलायची तर आधी ती पिन काढायची. माशी उंच केली की गोळी खाली येते, बुटकी केली की वर जाते. एवढंच आहे सगळं.

मिस्ये रने स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे बोलत होता ते मला ऐकू येत होतं. "शनिवारी पहिली शिकार आहे," तो म्हणाला. "शुक्रवारी माणूस पाठवतो."

"शुक्रवारी तयार असेल," बा म्हणाला.

जुनी माशी निघाली ती छान निघाली. बाने आदल्या दिवशीच पिनेच्या दोन्ही टोकांवर तेल सोडायला सांगितलं होतं. सकाळी त्याने बोटाच्या नखाने दोन्ही बाजू चाचपल्या आणि म्हणाला, "पिन निमुळती असते. हा टोक बारीक हाये, हिकडनं ठोक. उलटा ठोकशील तर आनखी रुतेल." मी कड्याखाली भोक पाडलेला लाकडी ठोकळा ठेवला, पंच म्हणजे पिन ठोकायची बोथट सळई टेकवली, पितळी हातोडीने तीन ठोके दिले. पिन पलीकडून सरकत बाहेर आली, तशी मी चिमट्याने ओढली. वाकडी माशी हलकेच वर उचलली. मग दोन दिवस मी नवी माशी घासत बसले, पोलादाच्या पट्टीतून, जुनीपेक्षा नखभर उंच. ती खाचेत इतकी नेमकी बसली की बाने अंगठ्याने दाबून पाहिलं आणि "बों," म्हणाला. त्याच्या तोंडून निघणारी ती सर्वांत मोठी शाबासकी होती.

राहिलं होतं भोक. कड्याच्या दोन्ही भोकांतून ड्रिल घालून नव्या माशीत आरपार भोक पाडायचं. शुक्रवारची सकाळ होती, आणि बा आईबरोबर दवाखान्यात साखरेसाठी रक्त तपासायला गेला होता. मी त्याची वाट पाहायला हवी होती. पाहिली नाही. ड्रिल अर्ध्यात गेलं आणि थरथरलं; मी ते सरळ केलं, पुन्हा दाबलं, आणि ते बाहेर आलं तेव्हा भोक गोल राहिलं नव्हतं. कड्याची एक कडही खाल्ली गेली होती. पिन घातली तर ती माझ्या अंगठ्याच्या जोरावर निम्म्याहून अधिक आत गेली. जी पिन हातोडीशिवाय हलता कामा नये, ती बोटाने सरकत होती. काय करायला हवं ते मला माहीत होतं: भोक मोठं आणि गोल करून जाड पिन बनवायची. त्याला आणखी अर्धा दिवस लागला असता आणि माणूस दुपारी येणार होता. मी पिन ठोकली, भोकाच्या कडेचं लोखंड पंचाने दाबून पिनेच्या टोकांवर ओढून घेतलं, कानशीने साफ केलं, आणि वरून पोलाद काळं करायचं औषध लावलं. दिसायला ते काम उत्तम दिसत होतं. खोटं काम असंच असतं, ते खऱ्यापेक्षा जरा जास्तच गुळगुळीत दिसतं.

बा परत आला, टोपी काढली, सरळ बाकाशी आला. त्याने कड्यावरून नख फिरवलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. नखाला काहीच अडकलं नाही.

"बसली काय?" त्याने विचारलं.

"बसली," मी म्हटलं.

मी असं का म्हटलं हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. घाई होती हे खरं आहे. पण त्याहून खरं कारण असं, की मी "सैल आहे" म्हटलं असतं तर तो "बघू" म्हणाला असता, बंदूक उजेडाकडे धरली असती, आणि त्याला काहीच दिसलं नसतं. मग आम्ही दोघं तिथे ते न दिसणं मधे धरून उभे राहिलो असतो. मला ते नको होतं. त्याची लाज वाचवायची म्हणून मी त्याला फसवलं, आणि ते करताना मला आपण फार समजूतदार आहोत असं वाटलं. दुपारी माणूस आला आणि बंदूक घेऊन गेला.

बातमी रविवारी सकाळी पाववाल्याने सायकलवरून आणली. शिकारीत एका हाकारणाऱ्याला गोळी लागली होती. हाकारणारे म्हणजे कुत्री घेऊन, ओरडत, रानातून हरणं शिकाऱ्यांच्या मचाणांकडे ढकलणारे लोक. बहुतेक किनाऱ्यावरच्या वस्त्यांतले गरीब, आफ्रिकी वंशाचे क्रियोल. याचं नाव गास्तों होतं. गोळी मांडीत शिरून हाड फोडून गेली होती. "मिस्ये रनेची गोळी," पाववाला म्हणाला. "हरीण उताराच्या खालच्या अंगाला होतं, माणूस वर. साहेब म्हणतो बंदूक बिघडली." आईने पाव घेतला. बा अंगणात उभा होता. तो पाववाल्याची सायकल दूर जाईपर्यंत तसाच उभा राहिला आणि मग आत येऊन म्हणाला, "वर मारली. म्हंजे माशी उडाली असंल, न्हायतर त्यानं डोंगराकडं बघून घोडा ओढला. माशी उडायची न्हाय. तू बसवलीस ना."

मी हो म्हणाले की नाही म्हणाले ते आठवत नाही. त्या दिवशी आईने वांग्याचं भरीत आणि ब्रेदची पालेभाजी केली होती आणि मी ताट तसंच ठेवून उठले. आईने विचारलं, तुला बरा वाटत न्हाय काय. मी सर्दी म्हटलं. सोमवार गेला. एखादी गोष्ट सांगायची आहे हे माहीत असून ती न सांगता घरात वावरणं कसं असतं ते ज्याने केलं आहे त्याला सांगायला नको. बा स्टुलावर बसे, मी दुसऱ्या कुठल्या तरी बंदुकीला तेल लावी, आणि त्याला सगळे आवाज ऐकू येत असताना माझ्या छातीतला तेवढा ऐकू येत नव्हता.

मंगळवारी सकाळी पोलिसांची जीप आली. उतरला तो इन्स्पेक्टर चाळिशीचा होता. तरुणपणी शिपाई असताना तो रोज शस्त्रागारात बाच्या खिडकीतून आपली रायफल घेऊन सही करायचा. बाला तो तोंतों म्हणे, म्हणजे काका. बरोबर एक शिपाई होता आणि पोत्यात गुंडाळलेली मिस्ये रनेची रायफल. इन्स्पेक्टरने टोपी काढून आईला नमस्कार केला, बाकाशी आला आणि पोतं उलगडलं. माशी खाचेत तिरकी होऊन जवळजवळ आडवी पडली होती. पिनेचं एक टोक कड्याबाहेर दाण्याएवढं आलं होतं.

"तोंतों, मला लिहून द्यायचं आहे," तो क्रियोलमध्ये म्हणाला. "हे तुझं काम आहे का, आणि ते नीट होतं का. माझ्यासमोर ही काढ, आत काय आहे ते दाखव, आणि जशी बसायला हवी तशी परत बसव. मग मी लिहीन."

"माझं काम हाये," बा म्हणाला. मी या वेळी स्वयंपाकघरात गेले नव्हते. दारात उभी होते. बाने स्टूल पुढे ओढलं, रायफल वाइसमध्ये लाकडी ठोकळ्यांमध्ये धरली, हे सगळं सवयीने सुरेख केलं. मग पंच घेतला. डाव्या हाताच्या बोटाने पिनेचं टोक शोधलं, त्यावर पंच टेकवला, बोट काढलं. बोट काढताना पंच एका केसाने सरकला. ते मला दिसलं, इन्स्पेक्टरला दिसलं, शिपायाला दिसलं. बाने हातोडी मारली. पंच कड्याच्या पोलादावर आपटून घसरला आणि तिथे एक चकचकीत खोक पडली. बाला आवाजावरून कळलं. त्याचा चेहरा बदलला नाही. त्याने पुन्हा बोटाने टोक शोधलं आणि हातोडी उचलली.

"थांब बा," मी म्हटलं. "ती मी बसवली होती."

पत्र्यावर पाऊस होता, बारीक. इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं. बाने हातोडी खाली घेतली नाही, ती तशीच हवेत राहिली.

"आणि ती नीट बसली नव्हती," मी म्हटलं. "भोक मोठं झालं होतं. मला माहीत होतं. मी वरून झाकलं, आणि बाला बसली म्हणून सांगितलं."

हे मी क्रियोलमध्ये इन्स्पेक्टरला सांगितलं आणि मग मराठीत पुन्हा बाला सांगितलं, जणू त्याला पहिल्यांदा कळलंच नसेल. बाने हातोडी बाकावर ठेवली. हळूच ठेवली, आवाज होणार नाही अशी.

"तोंतों," इन्स्पेक्टर म्हणाला, "तुला किती दिवस दिसत नाही?"

"दोन हिवाळे," बा म्हणाला. मग त्याच्या आवाजाकडे तोंड वळवून, "तिला मी करायला लावला. परवाना माझा. लिही तसा."

इन्स्पेक्टर काही वेळ वहीकडे पाहत राहिला. मला वाटतं त्याला ती वही मिटून जीपमध्ये बसायला आवडलं असतं. पण दवाखान्यात एक माणूस पडलेला होता. तो मला म्हणाला, "मग तू दाखव."

बा स्टुलावरून उठला आणि मी बसले. पंचाची गरजच पडली नाही. मी पिन चिमट्यात धरून ओढली आणि ती आली. माशी उचलून बाजूला ठेवली. इन्स्पेक्टरने वाकून भोकाची खाल्लेली कड पाहिली, मी ती त्याला पंचाच्या टोकाने दाखवली. त्याने लिहून घेतलं. मग म्हणाला, आता बसव. मी म्हटलं, वेळ लागेल. तो पाटावर बसला. आईने त्याला आणि शिपायाला चहा दिला.

मी भोक रीमरने गोल केलं, हाताने, एकेक वेढा. बा माझ्यामागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने फक्त एकदा तोंड उघडलं, "तेल," म्हणाला, आणि खरंच रीमर कोरडा पडला होता. जाड तारेतून मी नवी पिन घासली, लावून पाहिली, घासली, पुन्हा लावून पाहिली. शेवटी ती तिसरा हिस्सा आत जाऊन अडली आणि अंगठ्याने तसूभरही पुढे जाईना. मग हातोडी घेतली. पहिल्या ठोक्यांचा आवाज पोकळ असतो, पिन पुढे सरकत जाते तसा तो भरत जातो, आणि ती बसली की एकदम बदलतो, दगडावर मारल्यासारखा होतो. तो आवाज आला आणि मी काही म्हणायच्या आधी बा म्हणाला, "आता बसली." इन्स्पेक्टरने स्वतः पंच लावून दोन ठोके मारून पाहिले. पिन हलली नाही. त्याने तेही लिहिलं.

पुढे कोर्टात जे झालं ते थोडक्यात सांगते. मिस्ये रनेने हाकारणाऱ्यांची रांग वर असताना गोळी झाडली हेही चूकच ठरलं, आणि त्याची बंदूक काही काळ जमा झाली. बाचा परवाना रद्द झाला. मला मॅजिस्ट्रेटने उभं करून समज दिली. भिंतीवरचा कागद बाने स्वतः उतरवला, चारही खिळे एकेक करून काढले आणि डब्यात टाकले. त्या दिवसांत तो मला एक शब्दही टाकून बोलला नाही, आणि मी मात्र त्याने बोलावं म्हणून वाट पाहत होते. आई बोलली, पुष्कळ बोलली, आणि ते मला बरं वाटलं. काही वर्षांनी मला धंदेशिक्षणाच्या शाळेत मुलांना फिटरचं काम शिकवायची नोकरी मिळाली. त्या खात्यात मी पहिली बाई होते. बाच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याला थोडा उजेड परत मिळाला. मी शिकवताना मुलांना भोक बिघडलं की ते माझ्यासमोर आणायला लावी, आणि जो आणील त्याला कधी रागावत नसे. मुलांना वाटे बाई मवाळ आहेत.

पण सांगायचं राहिलं ते गास्तोंचं. तो दवाखान्यातून घरी गेल्याचं कळलं त्या आठवड्यात बा म्हणाला, "जायला हवा." आम्ही दोघं बसने गेलो. व्हाकोआच्या धुक्यातून बस पश्चिमेकडे उतरते तशी हवा कोरडी होत जाते, समुद्राचा वास येतो. वस्तीत विचारत विचारत गेलो. चिंचेच्या झाडाखाली पत्र्याचं दोन खोल्यांचं घर होतं आणि गास्तों बाहेर खुर्चीवर बसला होता, पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा, एक पाय खोक्यावर ठेवलेला. त्याची बायको मारी-आंज दारात मासे साफ करत होती. बाने आपण कोण ते सांगितलं. गास्तोंने मान हलवली.

"मला मिस्ये रने म्हणाला, म्हातारा आर्मरर," तो म्हणाला. "पोलीस म्हणाला, मुलगी. कोण?"

"मी," मी म्हटलं.

त्याने मला नीट पाहून घेतलं. "तू शिकलेली दिसतेस."

"हो."

"मग असं का केलंस?"

मी घाई झाली म्हणाले. मग म्हणाले, नाही, मला सांगायची लाज वाटली. मारी-आंजची सुरी माशावर चालत राहिली. माफी मागायची म्हणून मी वाक्यं जुळवून नेली होती, त्यातलं एक म्हटलं, आणि ते त्या अंगणात पडून राहिलं. कोणी उचललं नाही. मी त्याला दोष देत नाही. पाय अंगठाभर आखूड झाला होता, आणि तो कायमचा तसा राहणार होता.

मग गास्तोंने खुर्चीमागून कुबडी काढली. दवाखान्याची लाकडी कुबडी, दोन पट्ट्यांच्या मधे खालचा दांडा बसवलेली. मधल्या भोकातला बोल्ट हरवला होता आणि तिथे कोणीतरी खिळा वाकवून घातला होता. "ही उंच आहे आणि डुगडुगते," तो म्हणाला. "तुला येतं तर कर."

शेजारच्या होडीवाल्याकडे हत्यारं होती आणि एक जुना बोल्ट होता. मी गास्तोंला उभं करून उंची घेतली, दांडा दोन भोकं वर सरकवला, बोल्ट आरपार घातला, नट आवळला आणि टोक ठोकून पसरवलं, म्हणजे नट सुटणार नाही. दोन्ही हातांनी पिळून पाहिलं. घट्ट होतं. मी कुबडी त्याच्यापुढे धरली.

"परत बघ," तो म्हणाला.

मी परत पाहिलं. पाना लावला, नट हलत नव्हता. पुन्हा पुढे धरली.

"अजून एकदा."

मी खाली बसले आणि तिसऱ्यांदा पाहिलं, पहिल्यांदा पाहावं तसं, वरपासून खालपर्यंत. मग त्याने कुबडी घेतली, काखेत धरली, चिंचेपर्यंत गेला आणि परत आला. मारी-आंजने सुरी बाजूला ठेवली, हात धुतले आणि दोन पेल्यांत चहा आणला, एक बाला, एक मला. गास्तों खुर्चीत बसला आणि समुद्राकडे पाहत म्हणाला, "बस चारला आहे. नंतरची उशिरा."

आम्ही निघालो. रस्ता खडीचा होता, दोन्ही बाजूंना दुकानं, दारात बसलेली माणसं. दोन वर्षं बा माझ्या पावलांच्या आवाजावर अर्धं पाऊल मागे चालत आला होता, असा की बघणाऱ्याला वाटावं म्हातारा मजेत चालला आहे. त्या दिवशी थोडं पुढे गेल्यावर तो थांबला. मीही थांबले. त्याने हात पुढे केला, हवेत जरा चाचपला, आणि माझ्या खांद्यावर ठेवला, सगळ्या लोकांसमोर, भर दुपारच्या उन्हात. हात जड होता. तो तसाच ठेवून आम्ही थांब्यापर्यंत गेलो, आणि बस आली तेव्हा तो म्हणाला, "पायऱ्या सांग."

तीन होत्या. मी एकेक सांगितली.